कान फुटला म्हणजे बरा झाला का?

रात्रीची वेळ. घरात निजानीज झाली आहे. दीड वर्षाचे बाळ एकाएकी किंचाळून उठते. दोन दिवसांपासून त्याला सर्दी आहे. अंग तापले आहे. ते डोके हलवते, कान ओढते, दूध पीत नाही. आई त्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालते.

आजी उठतात. "कान ठणकतोय गं त्याचा," त्या म्हणतात. चुलीवर पळी चढते. तेलात लसणाच्या दोन पाकळ्या तडतडतात. कोमट तेलाचे थेंब बाळाच्या कानात पडतात. बाळ आणखीच रडते.

पहाटे मात्र ते गप्प होते. शांत झोपी जाते. सकाळी उशीवर पिवळा डाग दिसतो. आजी म्हणतात, "फुटला एकदाचा कान! घाण निघून गेली. आता बरं वाटेल त्याला."

बाळाला बरे वाटते, हे खरे. ताप उतरतो. ते खेळू लागते. घरची मंडळी कामाला लागतात. रात्रीची गोष्ट कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

पण वाचकहो, कान खरोखर बरा झाला का? हे कुणी पाहिले? कुणीच नाही. कान आतून पाहायचा कसा, आणि त्यासाठी कोणती साधने आहेत, ते या पाठात समजून घेऊ या.

कानाच्या आत काय असते?

बाहेर दिसतो तो कान म्हणजे घराचा नुसता दरवाजा. त्याच्या आत एक अरुंद वाट आहे. मोठ्या माणसाची ही वाट सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. म्हणजे साधारण बोटाच्या एका पेराएवढी. ही वाट सरळ नसते. मधे थोडी वळलेली असते.

वाटेच्या शेवटी एक पडदा असतो. हलगीवर कातडे ताणून बसवतात, तसा तो ताणलेला असतो. करंगळीच्या नखाएवढा लहान, आणि कागदासारखा पातळ. आवाज येऊन आदळला की तो थरथरतो.

पडद्याच्या मागे एक लहानशी पोकळी आहे. तिच्यात हवा असते. तिथे तीन चिमुकली हाडे एकमेकांना जोडलेली असतात. त्यांच्या आकारावरून त्यांना हातोडा, ऐरण आणि रिकीब म्हणतात. पडद्याची थरथर ही हाडे आत पोचवतात. मग आपल्याला ऐकू येते.

या पोकळीतून एक बारीक नळी निघते. ती नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या बाजूला उघडते. घाटातून एसटी वर चढते तेव्हा कानाला दडे बसतात. जांभई दिली की कानात टक् होते आणि दडे सुटतात. ती ही नळी उघडल्याची खूण. हिच्यातूनच पडद्यामागे हवा जाते.

लहान मुलांची ही नळी आखूड आणि आडवी असते. सर्दी झाली की ती सुजते, बंद होते. मग पोकळीत हवा जात नाही. तिथे पाणी साचते. त्यात जंतू वाढतात आणि पू होतो. तो पू पडद्याला आतून ढकलतो. म्हणून कान ठणकतो.

दाब फार वाढला की पडदा फाटतो. पू बाहेर येतो. दाब जातो आणि ठणका थांबतो. गळू फुटले की आराम पडतो, तसेच हे.

आता आजींचे म्हणणे पुन्हा आठवा. घाण निघाली, हे त्यांचे बरोबर. पण ती बाहेर आली कशातून? ऐकण्याच्या पडद्याला पडलेल्या भोकातून! पुष्कळ मुलांचे हे भोक काही आठवड्यांत आपोआप बुजते. काहींचे बुजत नाही. मग दर सर्दीला, दर पोहण्याला कान वाहतो. वर्षामागून वर्षे वाहतो. हळूहळू ऐकू कमी येते.

आणि तेलाचे काय? पडदा शाबूत असतो तेव्हा तेल बाहेरच राहते. पुवापर्यंत पोचतच नाही. पडदा फाटल्यावर मात्र तेल, पाणी आणि त्यातले जंतू थेट आत जातात. म्हणजे पहिल्या वेळी उपयोग नाही, आणि दुसऱ्या वेळी अपायाची भीती.

नुसत्या डोळ्यांना का दिसत नाही?

एक गोष्ट करून पाहा. घरातल्या कुणाला उजेडात बसवा आणि त्याच्या कानात डोकावा. थोडे केस दिसतील, थोडा मळ दिसेल. त्यापुढे अंधार! नीट बघायला म्हणून तुम्ही डोके जवळ न्याल, तर तुमच्याच डोक्याने उजेड अडेल. वाट अरुंद, तीही वाकडी, आणि उजेड अडवणारे आपणच.

ही अडचण डॉक्टरांनाही होती. १८४१ साली जर्मनीतल्या होफमान नावाच्या डॉक्टरांनी साधीच युक्ती काढली. त्यांनी एक आरसा घेतला. त्याच्या मधोमध भोक ठेवले. खिडकीतून येणारा उजेड आरशाने कानात पाडायचा, आणि मधल्या भोकातून पाहायचे. आता डोके उजेडाच्या आड येत नव्हते. पुढे १८५५ च्या सुमारास फॉन ट्रॉल्च या दुसऱ्या जर्मन डॉक्टरांनी ही रीत सगळीकडे पसरवली. कपाळाला गोल आरसा बांधलेले डॉक्टर तुम्ही चित्रात पाहिले असतील. तो आरसा हाच.

कान बघायची बत्ती

आता आरशाच्या जागी बहुतेक ठिकाणी हातात धरायची बत्ती आली आहे. तिला ऑटोस्कोप म्हणतात. नाव परके आहे, पण वस्तू सोपी आहे. मुठीत मावेल असा दांडा. दांड्यात बॅटरीचे सेल. वर बारीक दिवा. दिव्याजवळ भिंग. पुढे एक लहान नरसाळे. नरसाळ्याचे टोक कानाच्या तोंडाशी अलगद बसवतात. उजेड आत जातो. भिंगातून पडदा मोठा दिसतो.

वाट वाकडी असते ना? म्हणून डॉक्टर आधी कानाची पाळी धरतात. मोठ्या माणसाची पाळी वर आणि मागे ओढतात. तान्ह्या बाळाची खाली आणि मागे ओढतात. त्याने वाट सरळ होते.

निरोगी पडदा मोत्यासारखा करडा आणि चकचकीत दिसतो. त्याच्यावर दिव्याच्या उजेडाची तिकोनी तिरीप चमकते. मागे पू भरला असेल, तर पडदा लाल किंवा पिवळट होऊन बाहेर फुगतो. तिरीप नाहीशी होते. पडदा फाटला असेल तर भोक दिसते. वाटेत मळ असेल, शेंगदाणा, मणी किंवा किडा अडकला असेल, तर तेही दिसते. सगळे काम दोनचार मिनिटांचे. सुई नाही, कापाकापी नाही.

बाळ मात्र हलता कामा नये. त्याला मांडीवर आडवे बसवा. एक हात त्याच्या डोक्यावर ठेवून डोके छातीशी धरा. दुसऱ्या हाताने त्याचे दोन्ही हात आवरा. बत्ती नीट दिसायला आईची ही मदत फार मोलाची.

न दुखणारा आजार

आता दुसऱ्या घरात जाऊ. तिथला मुलगा तिसरीत आहे. त्याचा कान दुखत नाही. वाहतही नाही. पण हाक मारली तर ओ देत नाही. टीव्हीचा आवाज मोठा करतो. "काय? काय?" असे पुन्हा पुन्हा विचारतो. गुरुजी म्हणतात, "लक्ष नसतं याचं." वडील म्हणतात, "ठोंब्या आहे नुसता." कधी चापटही मिळते.

या मुलाच्या पडद्यामागे पाणी साचून राहिले आहे. पू नाही, म्हणून ठणका नाही. पण पाण्यामुळे पडदा नीट थरथरत नाही. त्याला सगळे अंधूक ऐकू येते. पाण्यात बुडी मारून ऐकावे, तसे. अपराध काहीच नाही, आणि मार मात्र खातो! लहान वयात नीट ऐकू आले नाही, तर बोलणे मागे पडते. मग अक्षर मागे पडते. शाळा सुटण्याचे निमित्तही कधी असेच होते.

हे साचलेले पाणी पुष्कळदा तीनेक महिन्यांत आपोआप ओसरते. तोवर मुलावर लक्ष ठेवावे लागते. ओसरले नाही, तर कानाचे डॉक्टर पडद्यात एक अगदी बारीक नळी बसवतात. पण आधी पाणी आहे हे कळायला तर हवे! नुसत्या बत्तीने ते कधी कधी स्पष्ट दिसत नाही. त्यासाठी आणखी साधने आहेत.

घागर वाजवून पाहणे

रिकाम्या घागरीवर टिचकी मारा. ती घुमते. भरलेल्या घागरीवर मारा. बद्द आवाज येतो. आत न पाहता आपल्याला कळते की घागर भरलेली आहे की रिकामी. कानाची पुढची साधने याच रीतीने चालतात.

पहिले साधन म्हणजे रबरी फुगा. तो बत्तीलाच जोडलेला असतो. डॉक्टर तो हलकेच दाबतात. कानात वाऱ्याची झुळूक जाते. मागे हवा असेल तर पडदा मागेपुढे हलतो. मागे पाणी असेल तर पडदा हलत नाही, किंवा जेमतेम हलतो. ही युक्ती १८६४ पासून माहीत आहे.

दुसरे साधन टिंपॅनोमीटर. मोठ्या रुग्णालयात ते असते. त्याचे मऊ टोक कानात बसवतात. यंत्र कानातल्या हवेचा दाब थोडा कमीजास्त करते आणि बारीक गुणगुण सोडते. पडद्यावरून किती आवाज परत येतो ते मोजते. मग त्याची रेघ काढते. रेघ डोंगरासारखी वर चढून खाली आली, तर पडदा हलतो आहे. रेघ सपाट आली, तर मागे पाणी असण्याचा किंवा पडद्याला भोक असण्याचा संभव. काही सेकंदांचे काम. त्यात दुखत नाही.

तिसरी युक्ती नवी आहे. अमेरिकेत सिएटल शहरातल्या विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली ती जगापुढे मांडली. त्यांनी साधा कागद घेतला. त्याचे लहान नरसाळे केले, आणि ते मोबाइल फोनला लावले. नरसाळ्याचे टोक मुलाच्या कानाशी धरायचे. फोन चिमणीसारखा चिवचिवाट करतो. तो आवाज पडद्यावर आपटून परत येतो. परत आलेल्या आवाजावरून पडद्यामागे पाणी आहे की नाही, याचा हिशेब फोनच करतो. त्यांच्या चाचणीत शंभरातल्या सुमारे ८५ वेळा ते बरोबर ओळखता आले. दुकानातल्या पुडीच्या कागदासारखी वस्तू, पण केवढे काम!

आता बत्तीला कॅमेरा जोडूनही कान पाहतात. पडद्याचे चित्र फोनवर उमटते. ते दूरच्या कानाच्या डॉक्टरांना पाठवता येते.

नादकाटाही तुम्हाला कधी दिसेल. तो धातूचा, दोन पायांच्या चिमट्यासारखा असतो. ठोकला की गुणगुणतो. डॉक्टर तो कानाजवळ आणि कानामागच्या हाडावर धरतात. ऐकण्यातला बिघाड पडद्याच्या बाजूला आहे की आतल्या नसेत, याचा अंदाज त्यावरून येतो. रोग दाखवण्याचे काम मात्र बत्तीचेच.

यंत्र दाखवते, माणूस ओळखतो

साधन कितीही चांगले असो, पाहणारा जाणता हवा. रडून रडूनही मुलाचा पडदा लाल होतो. म्हणून डॉक्टर नुसती लाली पाहत नाहीत. पडदा फुगला आहे का, हलतो का, तेही पाहतात. मळ आड आला, तर आधी तो काढावा लागतो.

बाजारात फोनला जोडायचे कान कोरण्याचे कॅमेरे मिळतात. त्यांच्या टोकाला चमचा असतो. ते घेऊन घरी कान कोरू नका. मूल जरा हलले की चमचा पडद्याला लागेल. बत्ती पाहण्यासाठी आहे, कोरण्यासाठी नाही.

कान पाहिल्यावर औषध द्यायचे की नाही, हे ठरते. काही मुलांचा ठणका दुखणे थांबवणाऱ्या औषधावर दोनतीन दिवसांत जातो. काहींना जंतू मारणारे औषध लागते. ते दिले, तर सांगितले तितके दिवस पुरे द्या. बरे वाटले म्हणून मधेच थांबवू नका.

औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने कानाचे थेंब आणू नका. पडद्याला भोक असेल, तर काही थेंब आतल्या नसेला अपाय करू शकतात. म्हणून आधी बत्ती, मग थेंब.

कुठे जायचे?

आधी आपल्या आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंना विचारा. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बहिरेपणा टाळण्यासाठी सरकारने २००७ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. प्राथमिक केंद्रांना कान बघायची बत्ती आणि नादकाटा पुरवणे, हे त्या कार्यक्रमात धरलेले आहे. तिथे सोय झाली नाही, तर ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात जा.

२०१३ साली बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. त्याचा आरंभ आपल्या पालघरला झाला. त्याचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुले तपासते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. "याला ऐकू कमी येतं, असं वाटतं," हे पथकाला सांगा.

डॉक्टरांना विचारायला भिऊ नका. "डॉक्टरसाहेब, कानात बत्ती लावून बघता का? पडदा कसा आहे?" एवढे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

वेळ लावायचा नाही अशी काही लक्षणे आहेत. कानामागे सूज येणे आणि तिथे हात लावू न देणे. फार ताप. मान ताठ होणे. सारख्या उलट्या. गुंगी. तोंड एका बाजूला वाकडे होणे. यांतले एकही दिसले, तर त्याच दिवशी, त्याच घटकेला रुग्णालय गाठा. रोग कानातून हाडात, मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्यात जीवाला धोका असतो.

मोठ्या माणसांचे काय?

आमच्या साक्षरतेच्या वर्गात अशी माणसे भेटतात. ती फळ्याजवळची जागा धरतात. एक कान पुढे करून ऐकतात. विचारले तर सांगतात, "ल्हानपणी कान फुटला हुता. तवापासून वाहतोय. आता काय व्हायचं?"

आम्ही त्यांना सांगतो, एकदा बत्तीखाली दाखवा तर खरे. कान कोरडा करता येतो. पडद्याचे भोक शस्त्रक्रियेने बुजवता येते. त्यासाठी आपल्याच अंगातला पातळ पापुद्रा घेऊन ठिगळ लावतात. ऐकू किती येईल ते ज्याच्या त्याच्या कानावर अवलंबून असते. पण वाहणारा कान हे काही नशीब नव्हे. तो आजार आहे, आणि आजारावर इलाज करायचा असतो.

पुन्हा त्या पहिल्या घरी जाऊ. उशीवर डाग दिसला, ती सकाळ आठवा. आजींची माया खोटी नव्हती. रात्रभर त्याही जाग्याच होत्या. फक्त कानाच्या आत त्यांना दिसत नव्हते. आता आपल्याला ठाऊक झाले की ते पाहता येते. मग त्याच सकाळी आजींनीच म्हणावे, "सूनबाई, कान फुटलाय. चल, बत्ती लावून दाखवून येऊ."

लक्षात ठेवा

१. कान फुटला म्हणजे बरा झाला असे नाही. पडदा फाटला, असे समजा आणि दाखवा.
२. कानात तेल, दूध, रस, काडी, पिन काही घालू नका.
३. कान वाहत असेल, तर स्वच्छ मऊ सुती कापडाची वात करून पू टिपून घ्या. वात ओली झाली की बदला. दिवसातून तीनदा करा. कापूस कानात ठेवून देऊ नका.
४. वाहत्या कानात पाणी जाऊ देऊ नका. विहिरीत, नदीत बुडी नको.
५. दोन आठवड्यांहून जास्त वाहणारा कान हा जुना आजार. तो कानाच्या डॉक्टरांना दाखवा.
६. बाळाला अंगावर पाजा. आडवे निजवून बाटलीने पाजू नका. चुलीच्या आणि विडीच्या धुरापासून दूर ठेवा. सगळ्या लसी वेळेवर टोचून घ्या.
७. मूल हाकेला ओ देत नसेल, तर मारण्याआधी त्याचा कान दाखवा.

प्रश्न

१. ठणका थांबला तरी कान बरा झाला असे का म्हणता येत नाही?
२. नुसत्या डोळ्यांनी कानाचा पडदा का दिसत नाही?
३. पडद्यामागे पाणी आहे, हे रबरी फुग्याने कसे कळते?
४. तुमच्या वस्तीत कुणाचा कान वाहतो का? हा पाठ त्यांना वाचून दाखवा.